नाल्याकाठची रोपं पहिली तीन वर्षं कशी जगवायची, नागपूरच्या हिशोबानं

जुलैमधे झाडं लावायला माणसं भरपूर येतात, फोटो निघतात, चहा-नाश्ता होतो. पण ती झाडं जगणार की नाही हे ठरतं पुढच्या मे महिन्यात आणि तेव्हा काठावर कोणी नसतं. तुम्ही यंदा कुठल्या ग्रुपसोबत, कॉलनीवाल्यांसोबत किंवा शाळेतर्फे नाल्याकाठी रोपं लावली असतील आणि आता पुढे काय करायचं हे कोणी सांगितलं नसेल, तर हे तुमच्यासाठीच लिहून राहिलो. नाग नदी असो, पिवळी नदी, पोरा नदी, हिंगण्याकडची वेणा, नाहीतर घरामागचा बिननावाचा नाला, काम थोड्याफार फरकानं सारखंच आहे.

सगळ्यात आधी एक समज डोक्यातून काढून टाका. बाजूला पाणी वाहतंय म्हणजे झाडाला पाणी मिळतंय असं अजिबात नाही. पहिल्या वर्षी रोपाची मुळं जेमतेम फूट-दीड फूट खोल गेलेली असतात, आपण रोप लावतो काठाच्या वर, आणि नाल्याचं पाणी दिवाळीनंतर खाली-खाली जात फेब्रुवारीत पार तळाला लागतं, कित्येक नाले तर कोरडेच पडतात. शहरात बऱ्याच ठिकाणी नदीला दोन्ही बाजूनं भिंती बांधल्यात, तिथं तर बाजूच्या मातीत नदीचं पाणी झिरपायला वावच कमी. म्हणजे हे रोप पावसाळ्यात पुराच्या तडाख्यात सापडतं आणि उन्हाळ्यात पाण्याच्या काठावर उभं राहून तहानेनं मरतं. पुरात गेलेली झाडं सगळ्यांना दिसतात, तहानेनं जास्त जातात तरी त्याची चर्चा होत नाही.

सुरुवात: कोणतं झाड कुठं उभं आहे ते बघा

एक चक्कर फक्त बघायला मारा, हातात वही घेऊन. नाल्याचा काठ तीन भागात समजून घ्यायचा. अगदी पाण्याजवळचा खालचा पट्टा, मधला उतार आणि वरची सपाट जागा. खालच्या पट्ट्यात वाळुंज, निर्गुडी, करंज, अर्जुन अशी झाडं टिकतात, दोन-चार दिवस पाण्यात उभी राहिली तरी त्यांचं फारसं बिघडत नाही. उंबर आणि जांभूळ उतारावर मजेत वाढतात. कडुनिंब, बेहडा, मोह हे वरच्या सपाटीवर बरे, त्यांना मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. कोणी चुकून कडुनिंब अगदी खाली लावला असेल तर तो लहान आहे तोवरच, एखाद्या ढगाळ दिवशी, मातीच्या मोठ्या गोळ्यासकट वर आणून लावा, वर्षभरानं हे जमणार नाही.

प्रत्येक काठीवर ऑइलपेंटनं नंबर टाका आणि वहीत नंबरासमोर झाडाचं नाव लिहा. सोपं काम आहे पण यानंच पुढं सगळं जमतं, कारण रविवारी येणारी माणसं बदलत राहतात आणि "त्या तिकडच्या करंजाला उदई (वाळवी) लागली होती ना" असं सांगून कोणालाच काही समजत नाही.

जागा कोणाची आहे हेही विचारून घ्या. शहरात काठाची जागा बहुतेक सरकारी किंवा महापालिकेची असते, त्यामुळे ट्री गार्ड लावायच्या आधी उद्यान विभागात आणि आपल्या झोन ऑफिसात एक अर्ज देऊन ठेवा, पोच घ्या. याचा खरा फायदा उन्हाळ्यात होतो. दरवर्षी पावसाळ्याआधी नदी-नाले साफ करायला जेसीबी आणि पोकलेन उतरतात, ड्रायव्हरला गाळ दिसतो, हातभर उंचीचं रोप दिसत नाही, आणि उपसलेला गाळ काठावर टाकला की पूर्ण रांगच्या रांग त्याखाली जाते. काम सुरू व्हायच्या आधी झोनवाल्यांना भेटा, रोपांच्या काठ्यांना लाल कापड बांधा आणि शक्य असेल तर त्या दिवशी एक माणूस तिथं उभा ठेवा. गाळ कुठं टाकायचा हे ड्रायव्हरदादांना हात जोडून सांगितलं तर ते ऐकतात.

पाऊस चालू असताना

पावसाळ्यात पाणी द्यायचं नसतं म्हणून लोक सुटीवर जातात. खरं तर काठावरचं निम्मं काम याच दिवसातलं आहे.

काठी आधी बघा. रोपापासून वीतभर लांब, पाणी ज्या बाजूनं येतं त्या बाजूला काठी ठोकायची, म्हणजे वाहून येणारा कचरा आधी काठीला लागतो आणि रोप पाण्याच्या ओढीनं काठीपासून लांब वाकतं, काठीवर घासत नाही. बांबू दोन फूट तरी जमिनीत गेला पायजे. बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती साडीची पट्टी, आणि गाठ आठच्या आकड्यासारखी सैल, त्यात बोट फिरलं पायजे. तार नको, नायलॉनची दोरी नको. नायलॉन कुजत नाही, झाड जाड होत जातं आणि दोरी सालीत घुसते. असं करंज बघितलं की ओळखू येतं, दोरीच्या वरचा भाग फुगलेला, खालचा बारीक, आणि मधे साल दोरीवरून चढून आलेली. तोपर्यंत दोरी आत गेलेली असते आणि सोडवताना साल सोबत निघते, म्हणून दर दोन महिन्यांनी गाठी बघून सैल करायच्या.

आता ट्री गार्डचं. रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळी ठीक आहे पण पुराचं पाणी जिथवर चढतं त्या पट्ट्यात जाळी लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. नाल्याला पूर आला की प्लास्टिक, कपडे, फांद्या, थर्माकोल सगळं वाहून येतं, ते जाळीला अडकतं, त्यावर पाण्याचा जोर बसतो आणि जाळी रोपाला घेऊनच आडवी होते. खाली नुसती काठी, वर सपाटीवर जाळी. पाणी कुठवर चढतं हे कळायला काठावरच्या जुन्या झाडांच्या फांद्या बघा, प्लास्टिकच्या चिंध्या लटकत असतात, तिथवर पूर येतो.

जोराचा पाऊस होऊन पाणी उतरलं की एक-दोन दिवसात काठावर जायलाच पायजे. 2023 च्या सप्टेंबरमधे, 22 च्या रात्री ते 23 च्या पहाटे जो पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांमधे पाणी शिरलं, तो सगळ्यांना आठवत असेल. म्हणजे पाऊस संपत आला असं वाटतं तेव्हाही पूर येऊ शकतो, पोळा झाला आता काही नाही असं समजू नका. पुरानंतर करायचं काय, तर अडकलेला कचरा कात्रीनं कापून काढा, ओढू नका, ओढलं की मुळं हलतात. आडवं झालेलं रोप हळूच उभं करा, बुडाशी ओली माती भरून पायाच्या टाचेनं दाबा, पुन्हा काठीला बांधा. पानांवर चिखलाचा थर बसला असेल तर झारीनं धुऊन टाका. आणि खोडाभोवती गाळाचा जाड थर बसला असेल तर तो मूळ जमिनीच्या पातळीपर्यंत काढा, ही गोष्ट बहुतेकजण विसरतात. सुपीक गाळ आहे, राहू द्या, असं वाटतं, पण वीतभर गाळात गाडलेलं खोड आतून सडायला लागतं.

जीवापेक्षा झाड मोठं नाही हेही सांगून ठेवतो. पाणी चढत असताना काठावर उतरायचं नाही. आभाळ कडकडत असेल तर काम टाकून घरी जायचं. गवतात हात घालायच्या आधी काठी आपटायची, काठावर घोणस, नाग, मण्यार सगळेच असतात. गमबूट आणि हातमोजे पायजेच, शहरातल्या नाल्यात सांडपाणी येतं आणि गाळात काचा असतात.

तण काढणं, पण सगळं नाही

नवीन माणसाला वाटतं काठ एकदम साफ दिसला पायजे. तसं करू नका. उतारावरचं गवत, कांस, हरळी हे माती धरून ठेवतात, ते उपटलं की पहिल्याच झडीत काठ घसरतो आणि सोबत तुमचं रोपही जातं. रोपाभोवती फक्त दोन-दोन फूट गोल मोकळा ठेवायचा, तोही विळ्यानं कापून. खुरपं फक्त वरच्या सपाटीवर वापरा.

उपटायचं ते वेगळं आहे. गाजर गवत फुलं यायच्या आधी, ओल्या जमिनीतून, मोजे घालून, मुळासकट. पावसाळ्यात गाजर गवतावर पिवळट रंगाचे, काळ्या रेघांचे छोटे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका, ते मेक्सिकन भुंगेरे आहेत, तेच गवत खातात आणि तुमचं काम हलकं करतात. बेशरमाचं प्रकरण त्याहून चिवट. तोडलेल्या बेशरमाचा तुकडा पाण्यात पडला की वाहत जाऊन पुढं जिथं अडकेल तिथं मुळं फोडतो, म्हणून कापलेलं बेशरम नाल्यात फेकायचं नाही, वर कोरड्या जागी, शक्य तर फरशीवर किंवा सिमेंटवर, पूर्ण वाळेस्तोवर ठेवायचं. सुबाभळीची बारकी रोपं लगेच काढा, दुसऱ्या वर्षी ती हातानं निघत नाहीत. वेलींवर लक्ष ठेवा, पावसाळ्यात पंधरा दिवसात वेल रोपाच्या शेंड्यावर चढते आणि त्याला वाकवून टाकते. पिवळी अमरवेल दिसली तर ती लागलेली फांदीच कापून टाका, नुसती वेल ओढून ती जात नाही.

तणनाशक मारू नका, युरिया टाकू नका. दोन्ही पहिल्या पावसात नाल्यात जातं. खत द्यायचंच असेल तर वर्षातून एकदा, पाऊस सरल्यावर, एक घमेलं कुजलेलं शेणखत पुरे.

पाऊस सरला की आळं

पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं की आळी करायची. इथं मला आपल्या काटोल-कळमेश्वरकडच्या संत्रावाल्यांची पद्धत सगळ्यात पटते. ते संत्र्याला डबल रिंग करतात, म्हणजे खोडाभोवती आत एक मातीचा छोटा वरंबा, बाहेर दुसरा वरंबा आणि पाणी फक्त मधल्या खाचेत. खोडाला पाणी लागत नाही. संत्र्याला ते डिंक्यासाठी करतात, त्या रोगाची बुरशी ओल्या खोडावर लवकर चढते. आपल्या करंजाला, जांभळाला डिंक्याची भीती नाही पण काळ्या मातीत पाणी खोडाशी थांबलं की लहान खोड सडतं, म्हणून पद्धत तीच घ्या.

मापं सांगतो. पहिल्या वर्षी आतला वरंबा खोडापासून चार-पाच बोटांवर, तीन-चार बोटं उंच. बाहेरचा वरंबा खोडापासून दीड ते दोन फुटांवर, वीतभर उंच. आतला वरंबा फार लांब नेऊ नका, कारण पहिल्या वर्षी मुळं पिशवीतल्या मातीच्या आसपासच असतात आणि पाणी त्यांच्यापर्यंत पोचायला पायजे. दुसऱ्या वर्षी दोन्ही रिंगा बाहेर सरकवा म्हणजे मुळं पाण्याच्या मागं बाहेर पसरतात. उतारावर पूर्ण गोल आळं टिकत नाही, तिथं फक्त खालच्या बाजूनं अर्धचंद्रासारखा बांध घालायचा, वरची बाजू उघडी. त्या बांधाला लागणारी माती वरच्या बाजूनं उतार खणून काढू नका, दुसरीकडून घमेल्यात आणा.

आळं झालं की आच्छादन. पालापाचोळा, वाळलेलं गवत, तणस, कुटार जे मिळेल ते, चार बोटं जाडीचा थर, खोडापासून चार बोटं लांब. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हाताचा पंजा आत जाईल अशा भेगा पडतात आणि त्या भेगा पडताना रोपाची बारीक मुळं तटातटा तुटतात. वरून कितीही पाणी द्या, ते भेगेतून सरळ खाली जातं. आच्छादन असलं की भेगा कमी पडतात. तरी पडल्याच तर भुसभुशीत माती आणि शेणखत मिसळून भेगा भरायच्या, मग पाणी द्यायचं. आच्छादन पाऊस सरल्यावरच टाका, पुराच्या पट्ट्यात जुलैमधे टाकलेलं सगळं वाहून जातं. शहराच्या पूर्वेकडं काही ठिकाणी माती हलकी, रेताड आहे, तिथं भेगांचा त्रास नाही पण पाणी लवकर उडतं, तिथं थर अजून जाड ठेवा.

पाणी किती, कधी

पहिल्या वर्षी हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी एकदा, मार्चपासून आठवड्यातून एकदा, एप्रिल-मे मधे आठवड्यातून दोनदा. एका वेळी एका रोपाला दहा ते पंधरा लिटर, म्हणजे साधारण एक मोठी बादली. रोज तांब्याभर टाकण्यात काही अर्थ नाही, वरची दोन बोटं माती ओली होते, मुळं वरच राहतात आणि एक पाळी चुकली की झाड गेलं. दुसऱ्या वर्षी पाणी वाढवा आणि पाळी लांबवा, हिवाळ्यात पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस लिटर. तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा पुरतं.

हे आकडे अंदाजासाठी आहेत, खरं मातीला विचारायचं. काळी माती वरून ठणठणीत दिसते आणि आत ओल असते. चार-पाच बोटं उकरा, माती मुठीत दाबा, गोळा झाला तर आज पाणी नको, भुगा झाला तर द्या. सकाळी ऊन चढायच्या आधी किंवा संध्याकाळी द्यायचं, दुपारी नाही.

पाण्याची सोय आताच बघून ठेवा, एप्रिलमधे धावपळ करून उपयोग नसतो. जवळच्या कोणाची बोअर, मंदिराची विहीर, नाहीतर वर्गणी काढून टँकर. शहरातल्या नाल्याचं काळं पाणी उपसून देऊ नका. तोटीची सोय लांब असेल तर मटका चांगला. पाच लिटरचा, न रंगवलेला, पाणी झिरपू देणारा माठ खोडापासून फूटभर लांब गळ्यापर्यंत गाडायचा, वर झाकण ठेवायचं आणि चार-पाच दिवसांनी भरायचा. प्लास्टिकची बाटली उलटी खोचायची युक्ती खूप व्हायरल असते पण नागपूरच्या मे महिन्याला ते पाणी पुरत नाही आणि पावसाळ्यात त्याच बाटल्या नाल्यात जातात.

नवतपा, म्हणजे 25 मेच्या सुमाराला सुरू होणारे नऊ दिवस, यात पाळी चुकवायची नाही. पारा 45 च्या वर जातो, रात्रीही जमीन थंड होत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी लहान रोपांना पश्चिमेकडून पळसाच्या फांद्यांचा किंवा जुन्या चुंगडीचा (पोत्याचा) आडोसा करावा, दुपारनंतरचं ऊन सगळ्यात वाईट असतं.

मेलं म्हणून उपटू नका

मार्च-एप्रिलमधे पानं गळाली की लोक रोप मेलं म्हणून उपटून टाकतात. बऱ्याच झाडांची पानगळच तेव्हा असते. अंगठ्याच्या नखानं खोडावर जरासं खरवडून बघा, आत हिरवं ओलं दिसलं तर झाड जिवंत आहे. शेंड्याला तपकिरी लागलं तर खाली-खाली बघत या. अगदी बुडाशी हिरवं असलं तरी पाणी चालू ठेवा, करंज आणि अर्जुन बुडापासून पुन्हा फुटतात. बकरीनं खाल्लेलं रोपही असंच फुटतं. मग पाऊस लागला की फुटव्यांपैकी जोमदार एक ठेवायचा, बाकीचे कापायचे.

बकऱ्यांचं म्हणाल तर बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी अजूनही सगळ्यात स्वस्त आणि चांगली, पुराच्या रेषेच्या वर. आणि गुरं चारणाऱ्या माणसाशी बोला. तो रोज काठावर असतो, आपण आठवड्यातून एकदा. त्याला झाडं दाखवा, नाव सांगा, तो राखतो.

उदई लागलेली ओळखायची म्हणजे खोडावर मातीचा पातळ लेप चढलेला दिसतो. हातानं किंवा जुन्या ब्रशनं तो पुसून खालची साल बघा. साल शाबूत असेल तर घाबरायचं कारण नाही, आळ्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा, पाणी द्या आणि खोडाला चिकटलेलं आच्छादन मागं सरका. तहानलेल्या रोपावर उदई आधी जाते, त्यामुळे हा उपायही शेवटी पाण्यावरच येतो.

हिवाळा संपताना आगीचीही भीती असते. काठावरचं वाळलेलं गवत कोणीतरी पेटवतं आणि रांग होरपळते. फेब्रुवारीत रांगेच्या बाहेरून चार-पाच फुटांचा पट्टा गवत कापून मोकळा करा, फक्त वरच्या सपाटीवर.

दुसरं आणि तिसरं वर्ष

दुसऱ्या जूनमधे वही काढा आणि जी गेली त्यांच्या जागी नवीन लावा, पण आधी का गेलं ते बघा. एकाच तुकड्यात सगळी गेली असतील तर तिथं पाणी साचतंय, गाळ पडतोय किंवा वरच्या कोणाचं सांडपाणी येतंय, तिथं तेच झाड पुन्हा लावण्यात अर्थ नाही, जात बदला.

खालच्या फांद्या पहिली दोन वर्षं तोडू नका. झाड उंच दिसावं म्हणून लोक खालून साफ करतात आणि मग बारीक खोड वाऱ्यात वाकतं. दोन शेंडे बरोबरीनं वाढत असतील तर एक कमी करा, वाळकी फांदी काढा, एवढंच.

काठी साधारण दीड वर्षात काढायची. गाठ सोडून बघा, झाड स्वतः उभं राहिलं तर काठी नको. जाळी खोडाला टेकायच्या आधी काढा, तिसऱ्या वर्षात कधीही ती वेळ येते, आणि काढताना खालून तार कापून दोन भागात उघडा, वरून उचलायला गेलात तर फांद्या मोडतील. निघालेल्या जाळ्या आणि बांबू धुऊन-वाळवून कुठंतरी आडोशाला ठेवा, पुढच्या पावसाळ्यात नवीन रोपांना तेच लागतील.